आठ पॉइंट चारचं पाणी

बन्नीमंटपजवळ राहणाऱ्या एका माणसाच्या बोअरचं पाणी आठ पॉइंट चार होतं. या एका आकड्याचा मी वीस वर्षं हेवा केला. दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा, मुलाच्या मार्कांचा हेवा करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना निदान काय खुपतंय ते चार लोकांना सांगता येतं. माझं सांगायचं तर आधी पाण्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

मी म्हैसूरला कुवेंपुनगरात राहतो. घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये काचेच्या सव्वीस टाक्या. त्यांत मी सिक्लिड जातीच्या शोभेच्या माशांची पैदास करतो. हा छंद नाही, याच्यावर घर चालतं. हे मासे मूळचे आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांतले. त्या तळ्यांचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. पाणी आंबट की साबणासारखं, हे पीएच या आकड्याने मोजतात. सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की आंबट, वर गेलं की साबणाच्या बाजूचं. आणि एक आकडा चढला म्हणजे फरक एकपट नाही, दहापट पडतो. माझ्या माशांना आठच्या वर लागतं. आमच्या नळाला येणारं कावेरीचं पाणी सात पॉइंट दोन. माणसांना उत्तम, या माशांना बेचव. ते जगतात, पण वीण नीट होत नाही, रंग उतरतो.

म्हणून मी पाणी बनवतो. शंभर लिटरला तीस ग्रॅम खायचा सोडा, पंच्याहत्तर ग्रॅम एप्सम सॉल्ट, थोडं समुद्री मीठ, आणि फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा. रोज सकाळी सहाला सव्वीस टाक्यांचा पीएच मोजून वहीत लिहितो. अशा एकोणीस वह्या झाल्या आहेत. दुकानदार मला लेक्कराव म्हणतात. कन्नडमध्ये लेक्क म्हणजे मोजदाद. हे नाव मला दिलं हनुमंतरावांनी.

हनुमंतराव म्हणजेच तो बोअरवाला माणूस. आमच्यासारखंच जुन्या म्हैसूरचं मराठी घर; त्यांचे खापरपणजोबा महाराजांच्या घोडदळात होते, असं ते पहिल्या भेटीत सांगतात आणि दुसऱ्या भेटीतही सांगतात. धंदा माझाच. फक्त ते नळ सोडायचे, बोअरचं पाणी टाकीत पडायचं, आणि ते आठ पॉइंट चार असायचं. सोडा नाही, मीठ नाही, वही नाही. एकदा मी विचारलं, "तुम्ही मोजता तरी कधी?" तर म्हणाले, "कशाला राव? मासे मेले की कळेलच की."

आणि त्यांचे मरत नसत. मी पिवळ्या लॅब माशाची अठ्ठावीस पिल्लं काढली की त्यांची चाळीस निघायची. या माशांची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत काही खात नाही. तिचं तोंड हलक्या हाताने उघडून पिल्लं जाळीत घ्यायची, हे आमचं मुख्य कसब. मी ते एकविसाव्या दिवशी करतो, आधी नाही, नंतर नाही. हनुमंतराव आठवण आली की करतात. तरी चाळीस.

माझी बायको सुमती एकदा म्हणाली, "अहो, त्यांच्या माशांकडे दिवसभर कुणी टक लावून बघत नाही. म्हणून बिचारे सुखात असतील."

मला काही येतच नाही असं मात्र समजू नका. पिरियापट्टणला तंबाखूचा एक मळेवाला माझं गिऱ्हाईक होता. पाणी चांगलं, टाकी मोठी, आणि दर वर्षी ठराविक महिन्यांत त्याचे मासे पटापट मरायचे. फोनवर तो म्हणायचा, "तुमचा मालच कच्चा." मी बसने गेलो. पीएच मोजला, अमोनिया मोजला, सगळं बरोबर. तेवढ्यात तो स्वतः खाणं घालायला आला आणि हात कोपरापर्यंत टाकीत घालून दगड सरळ करू लागला. हाताला काळा चिकट राप होता. पानं भट्टीत वाळवायचा हंगाम, दिवसभर तंबाखू निवडत होता, आणि तो राप माशांना विष. मी म्हटलं, "साबणाने हात धुवा आणि या वर्षी टाकीत बोट घालू नका." त्या वर्षी एक मासा मेला नाही. खूष होऊन त्याने आणखी दोन टाक्या करायचं ठरवलं. त्यांत मासे सोडले ते हनुमंतरावांकडचे. म्हणे रंग जास्त आहे.

आता मुख्य गोष्ट.

फ्रंटोसा नावाचा एक सिक्लिड आहे. फूटभर होतो, निळसर पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, मोठा झाला की कपाळावर टेंगूळ येतं. तो वयात यायला चार वर्षं लागतात, आणि तोवर नर कोण नि मादी कोण हे ओळखणं फार कठीण. आमच्या ओळखीत म्हैसुरात कुणी त्याची वीण काढलेली नव्हती. मला काढायची होती. नऊ वर्षांपूर्वी चेन्नईचा एक व्यापारी पिल्लं द्यायला तयार झाला, पण चोवीसपेक्षा कमी पाठवणार नाही म्हणाला. माझ्याकडे बाराची जागा होती. उरलेल्या बारांसाठी एकच माणूस होता. मन मारून मी हनुमंतरावांना फोन केला.

डबा आला तो नेमका विजयादशमीला, सकाळच्या बसने. थर्मोकोलच्या डब्यात दोन मोठ्या पिशव्या, प्रत्येकीत बारा. हनुमंतराव स्टँडवर आले, वरची पिशवी उचलली, पायात धरून स्कूटरने निघून गेले. दुपारी दसऱ्याची मिरवणूक बन्नीमंटपला पोहोचते, संध्याकाळी तिथेच मशालींची कवायत, त्यांच्या भागातले रस्ते लवकर बंद होतात.

मी खालची पिशवी घरी आणली आणि पुस्तकी पद्धतीने वागलो. पिशवीतलं पाणी वेगळं, टाकीतलं वेगळं, माशाला एकदम धक्का बसू नये, म्हणून पिशवी बादलीत रिकामी करायची आणि टाकीचं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडत दोन तासांत दोन्ही पाणी सारखं करायचं. मी सेकंदाला दोन थेंब ठेवले. घड्याळ समोर, वही मांडीवर. सव्वा तासाने पहिला मासा आडवा झाला. मी थेंब आणखी हळू केले. अकरा वाजेपर्यंत नऊ मेले. तीन उरले.

मी हनुमंतरावांना फोन लावला. मागे पाहुण्यांचा गलका होता.

"कसे आहेत तुमचे?"

"कोण, मासे? आहेत की. पोहतायत. तुमचे?"

"नऊ गेले."

"अय्यो! काय केलंत?"

"तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? घरात चौदा पाहुणे. जाळीत धरलं, टाकीत टाकलं. सुम्ने."

सुम्ने म्हणजे उगाच, सहज, काही विचार न करता. आम्हा म्हैसूरकरांच्या मराठीत हा कन्नड शब्द दिवसातून वीसदा येतो. त्या दिवशी तो माझ्या कानात तापलेल्या तेलासारखा शिरला.

मी दोन तास जपलेले नऊ मेले आणि त्यांनी भिरकावलेले बारा जगले, याचा माझ्याकडे एकच अर्थ निघत होता. पिशव्या सारख्या नव्हत्या. त्यांनी वरची उचलली, म्हणजे बघून उचलली. दोन दिवसांनी देवराज मार्केटजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी तसं बोललो. पहिल्यांदा म्हणालो, "पिशवी त्यांनी निवडून घेतली असेल." दुकानदाराने "हो का?" म्हणत मान पुढे केली, तेव्हा म्हणालो, "बदलली." चौथ्या दुकानात पोहोचेपर्यंत मला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगता येत होतं.

माझे उरलेले तीन मोठे झाले. तिघेही नर निघाले. एकमेकांना फाडतील म्हणून टाकीत दोन काचा बसवून प्रत्येकाला वेगळी खोली दिली. हनुमंतरावांकडे चौथ्या वर्षी मादीने तोंडात अंडी धरली. मार्केटमधून बातमी आली त्या दिवशी मी वहीत सव्वीस टाक्यांऐवजी पंचवीसचेच आकडे लिहिले होते, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तो चेन्नईवाला तोवर धंदा सोडून गेला होता. मादी हवी तर हनुमंतरावांकडे मागायला हवी होती. ज्याच्याबद्दल तसं बोललो त्याच्या दारात कसा जाणार? तीन नर, तीन खोल्या, असं चाललं होतं.

खरं काय ते मला कळलं चार वर्षांपूर्वी, आणि माझ्याच वहीतून. मी बंगळुरूला पाठवलेला एक डबा तिथे शहर बंद होतं म्हणून तसाच परत आला. सहा मासे, पिशवीत तीस तास. ते मस्त पोहत होते. उघडून सवयीने पाणी मोजलं. भरताना आठ पॉइंट दोन होतं, आता सहा पॉइंट दोन. अमोनियाची चाचणी गडद हिरवी, म्हणजे भरपूर. मी नेहमीसारखी नळी लावून थेंब सुरू केले. पाऊण तासात मासे वर येऊन तोंड उघडू लागले. पुन्हा मोजलं तर पीएच सात पॉइंट सात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी ते सगळे जाळीत धरून सरळ स्वच्छ टाकीत टाकले. चार वाचले.

बाहेरच्या माणसाला सांगतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी आंबट होत जातं. त्याच्या घाणीचा अमोनियाही साठतो, पण आंबट पाण्यात तो बांधलेला असतो, इजा करत नाही. पिशवी उघडून तिच्यात आठ पॉइंट चारचं पाणी सोडलं की तोच अमोनिया विष होतो. थेंब जितके सावकाश, मासा तितका जास्त वेळ त्या विषात. म्हणजे धक्का परवडतो, काळजी परवडत नाही.

मी जुनी वही काढली. विजयादशमीचं पान. थेंब सुरू नऊ दहा. पहिला मासा दहा पंचवीस. बादलीचा पीएच दर पंधरा मिनिटांनी लिहिलेला, चढत गेलेला, आणि समोरच्या रकान्यात मेलेल्यांची संख्या, तीही चढत गेलेली. सगळं माझ्याच अक्षरात. पिशव्या सारख्याच होत्या. नऊ मी मारले होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही, सुमतीलाही नाही. हनुमंतराव सुटले, पण हेवा उलट वाढला. आधी निदान ते लबाड आहेत असं म्हणता येत होतं. आता तेही गेलं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा बोअर आटला. दोन महिने नळाचंच पाणी टाकीत घालत होते. एका सकाळी दहाला ते आमच्या जिन्यावर उभे, हातात पाण्याने भरलेली कोल्ड्रिंकची बाटली.

"बन्नि, बन्नि," सुमतीने बोलावलं. "कॉफी ठेवते."

"ठेवा वहिनी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेक्कराव, फ्रंटोसा खात नाहीत. अकरा आहेत, अकरा तोंडं फिरवून बसलेत. हे टाकीचं पाणी. तुमच्यासारखं पाणी बनवायचं कसं, लिहून द्या. तुमच्याशिवाय हे कुणाला येतंय?"

हे शेवटचं वाक्य ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो. मी बाटली घेतली, मोजलं. सहा पॉइंट चार. अमोनिया गडद हिरवा.

दोन महिन्यांच्या घाणीने त्यांची टाकी आता एक मोठी पिशवी झाली होती, हे मला त्या क्षणी कळलं. पाणी आंबट होतं म्हणून मासे जिवंत होते. त्यात सोडा एकदम पडला की अर्ध्या तासात अकरा आडवे. आधी रोज दहावा भाग जुनं पाणी काढून साधं ताजं घालायचं, अमोनिया उतरल्यावरच सोडा थोडाथोडा, असं करायला दहाबारा दिवस लागतात.

मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. सोडा तीस ग्रॅम, एप्सम पंच्याहत्तर, मीठ, शिंपले. एकही आकडा चुकीचा लिहिला नाही. फक्त ती दहाबारा दिवसांची ओळ लिहिली नाही.

त्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली. "सोडा जातानाच घेतो," म्हणाले आणि गेले.

मी वर जाऊन एका टाकीची काच पुसत बसलो. सुमती कपडे वाळत घालायला आली.

"दिलंत का लिहून त्यांना?"

"दिलं."

"सगळं?"

तिने सुम्ने विचारलं असेल. मी उठलो, स्कूटर काढली. कुवेंपुनगर ते बन्नीमंटप मला पंचवीस मिनिटं लागतात. त्यांना निघून एक तास दहा मिनिटं झाली होती. ते घरी पोहोचले असतील, सोडा घेतला असेल, पुडा फोडला असेल. प्रत्येक सिग्नलला मी हिशोब करत होतो आणि प्रत्येक वेळी अकरा मेलेले निघत होते. फोन करावा हे सुचलं ते त्यांच्या गल्लीत शिरल्यावर.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "आत्ताच जेवून आडवे झालेत."

"टाकीत काही टाकलं का?"

"छे हो. यांना जेवणाआधी काही सुचतं का?"

टाकीसमोर सोड्याचे दोन पुडे न फोडलेले पडले होते. अकरा फ्रंटोसा कोपऱ्यात गप्प उभे होते. मी मोजले, दोनदा. हनुमंतराव बनियनवर बाहेर आले.

"काय राव, एवढ्यात?"

"कागद कुठाय?"

"खिशात. शर्ट बकेटीत भिजत घातलाय हिने. दुसरा लिहून द्याल म्हणून मी काही बोललो नाही."

त्यांचे मासे पुन्हा त्यांच्या आळशीपणानेच वाचले होते. इतका धावत आलो होतो, तरी मला त्याचाही हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

"एक ओळ लिहायची राहिली होती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची? राहिली?"

"राहिली नाही. मी ठेवली." आणि ती ओळ काय होती ते सांगितलं.

त्यांनी सोड्याचे दोन्ही पुडे उचलून टाकीपासून लांब ठेवले. मग ते म्हणाले, "मग आलात कशाला?"

"नऊ मरताना पाहिलेत मी. आणि ते मीच मारले होते. तुम्ही पिशव्या बदलल्या नव्हत्या."

"मी बदलल्या नव्हत्या, हे तुम्ही मला काय सांगता?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पाच वर्षं, राव! पाच वर्षं मार्केटमधला एकेक दुकानदार माझी पिशवी माझ्यासमोर फोडून मासे मोजून घ्यायचा. लेक्कराव म्हणाले म्हणजे खरंच असणार, असं माझ्या तोंडावर बोलायचे. तुमचं नाव मी ठेवलं, आणि तेच माझ्यावर उलटलं."

मी माफी मागितली.

"मला नको," ते म्हणाले. "तिथे जाऊन सांगा. जिथे जिथे बोललात तिथे."

दुसऱ्या दिवशी मी चारांपैकी तीन दुकानांत गेलो. एक दुकानदार तर ती गोष्टच विसरला होता, त्याला आधी ती आठवून द्यावी लागली आणि मग ती खोटी आहे हे सांगावं लागलं. चौथं दुकान बंद पडलंय, मालक कुठे गेला माहीत नाही. कुठे असेल तर त्याच्या हाती हे छापलेला अंक पडावा, म्हणून हे लिहिलं.

पुढचे बारा दिवस मी रोज बन्नीमंटपला गेलो. पहिले चार दिवस हनुमंतराव माझ्याशी फक्त बादल्यांपुरतं बोलले. मी पाणी काढायचो, मोजायचो, सोडा वजन करून घालायचो. पाचव्या दिवशी मासे खायला लागले आणि सहाव्या दिवशी घोडदळातल्या खापरपणजोबांची गोष्ट पुन्हा ऐकायला मिळाली. बाराव्या दिवशी पीएच आठ पॉइंट तीन. त्यांच्या टाकीतला तो आकडा आता मी बनवलेला होता. याचं समाधान वाटेल असं वाटलं होतं. मी बघत होतो त्यांच्या माद्यांकडे. सहा होत्या.

निघताना त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आत एक मादी, चांगली वीतभर.

"किती वेळ लागतो घरी जायला?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस मिनिटं."

"फोडून बघा हं. मोजून घ्या."

घरी येऊन मी नळी काढली नाही, घड्याळ समोर ठेवलं नाही. गाठ सोडली, मादी जाळीत घेतली, मोठ्या नराच्या खोलीत सोडली. अर्धं मिनिट लागलं असेल, मी मोजलं नाही. ती एकदा तळाशी गेली, दगडाआड फिरली आणि पुढे येऊन काचेपाशी थांबली. मोठा नर वळून तिच्याकडे आला. मी ती जुनी वही उघडली आणि विजयादशमीचं पान पुन्हा एकदा वाचलं, पहिल्या थेंबापासून नवव्या माशापर्यंत.